बँकॉकला एकच दिवस असेल तर नदी सोडू नका

बँकॉकला एकच दिवस मिळतोय आणि त्यात सगळं बघायचंय असं असेल तर गाडी करून शहरभर फिरायचा प्लॅन आधी डोक्यातून काढून टाका. आम्ही पहिल्या वेळी मस्त एसी व्हॅन बुक केली होती, दुपारपर्यंत दोन जागा बघून झाल्या आणि बाकी वेळ पुढच्या गुलाबी टॅक्सीची मागची काच बघत बसलो. तिथलं ट्रॅफिक हे असं आहे. त्यापेक्षा नदी धरून चला. चाओ फ्राया नदीच्या वळणावर जुनं शहर आहे, १७८२ साली पहिल्या रामाने म्हणजे आत्ताच्या राजघराण्याच्या पहिल्या राजाने राजधानी तिथे आणली, आणि ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण (वाट म्हणजे देऊळ) तिन्ही तिथेच आहेत, चालत नाहीतर बोटीने.

गाईड घ्यायचा का? घ्या, पण अर्ध्या दिवसाचा, सकाळचा. पॅलेस गाईडशिवाय बघितला तर नुस्तं सोनं सोनं दिसतं आणि तासाभरात डोळे थकतात. थायलंडमध्ये गाईडचं काम फक्त थाई नागरिकांनाच करता येतं आणि लायसन्स लागतं, ते कार्ड गळ्यात असतं, ते बघून घ्या. आणि बुकिंग करतानाच मेसेजमध्ये लिहून घ्या की दुकानात कुठेही थांबायचं नाही. आम्ही हे केलं नव्हतं. मग "फक्त दहा मिनिटं" म्हणून एका रत्नांच्या शोरूममध्ये नेलं, तिथे सरबत दिलं, फिल्म दाखवली, आणि बाहेर पडायचा दरवाजा थेट काउंटरमधूनच जाणारा! पाऊण तास गेला आणि आईने निळ्या खड्याची अंगठी घेतली ती वेगळीच.

सकाळी पावणेआठपर्यंत सफान ताक्सिन स्टेशनला पोचा, स्काय ट्रेनचं आहे, खाली उतरलं की साथोर्न धक्का. आठच्या ठोक्याला अजून स्टेशनात असाल तर राष्ट्रगीत लागतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात, आपणही राहायचं, संध्याकाळी सहाला पुन्हा. धक्क्यावर महागड्या टुरिस्ट बोटीचं तिकीट गळ्यात मारायला माणसं उभी असतात, त्यांना हसून नाही म्हणा आणि नारंगी झेंड्याची बोट पकडा, रोज ऑफिसला जाणाऱ्यांची असते ती, तिकीट १६ बाथच्या आसपास. बोट धक्क्याला लागताना मागचा पोऱ्या शिट्ट्या मारून चालवणाऱ्याला खुणा करतो, पुढे घे मागे घे, आणि कंडक्टर बाई हातातला नाण्यांचा लांब पत्र्याचा डबा खडखड वाजवत येते, तो आवाज आला की सुट्टे काढून ठेवायचे. बोट थांबते म्हणजे काय, जेमतेम टेकते, तेव्हा पटकन चढा-उतरा. उतरायचं 'था चांग' नावाच्या धक्क्यावर.

आता कपडे. खांदे आणि गुडघे झाकलेलेच पाहिजेत, पुरुषांनाही. शॉर्ट्स, स्लीव्हलेस चालत नाही आणि खांद्यावर ओढणी टाकून काम भागेल या भरवशावर राहू नका, आमच्या मावशीला गेटवरून परत पाठवलं, मग बाहेरून हत्तीच्या डिझाइनची ढगळ पॅन्ट घ्यावी लागली (ती आता घरी रोज घालते). सुती पूर्ण पॅन्ट आणि बाह्यांचा शर्ट बेस्ट. चपला अशा घाला की पटकन निघतील, दिवसभर काढ-घाल आहे.

गेटकडे चालताना कुणीतरी नीटनेटका माणूस येऊन सांगेल की आज पॅलेस बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर रिक्षाने स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो. बंद बिंद काही नसतं. ती टुकटुक शेवटी टेलरकडे नाहीतर रत्नांच्या दुकानात जाते. न थांबता गेटपर्यंत जाऊन स्वतःच बघायचं. खरंच काही गडबड झाली तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५.

पॅलेस साडेआठला उघडतो, परदेशी लोकांना तिकीट ५०० बाथ. आत गेल्या गेल्या सगळी गर्दी पाचूच्या बुद्धाकडे धावते, जावं, पण मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची आणि खूप उंचावर आहे, फोटो काढायला बंदी, आणि पाचूची नाहीच, हिरव्या जेड दगडाची आहे. वर्षातून तीन वेळा ऋतूप्रमाणे तिचे कपडे बदलतात आणि ते स्वतः राजा बदलतो. बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत, मांडी किंवा पाय मागे दुमडून.

पण आपल्यासारख्यांनी वेळ घालवायचा तो भोवतालच्या ओवरीत. आख्खं रामायण भिंतीवर रंगवलंय, १७८ चित्रं, उत्तरेकडून सुरू होतं. त्यांच्याकडे ते रामकियेन. राम म्हणजे फ्रा राम, सीता म्हणजे नांग सीदा, रावण म्हणजे थोत्सकान, तोच आपला दशकंठ. इथे गाईडला बोलू द्या आणि मध्येच थांबवून तुमची गोष्ट सांगा, मजा येते, कारण त्यांचा हनुमान ब्रह्मचारी अजिबात नाही, चांगला रंगेल आहे, रावणाची मुलगी जलपरी असते तिच्याशीच सूत जमवतो. हे ऐकून आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एका चित्रात हनुमान एवढा प्रचंड झालाय की रामाला वाचवायला त्याने आख्खा मंडप तोंडात धरलाय, ते चुकवू नका. दारावरच्या राक्षसांमध्ये हिरव्या तोंडाचा, डोक्यावर डोक्यांची उतरंड असलेला दिसला की तो रावण, आणि इथे तो राखणदार आहे.

साडेअकरापर्यंत गाईडला निरोप द्या. चालत दहा-पंधरा मिनिटांवर वाट फो, ४६ मीटर लांब निजलेला बुद्ध. तळपायांवर शिंपल्याच्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं काढलीत, पाठीमागे १०८ कांस्याची भांडी ओळीने, लोक एकेक नाणं टाकत जातात आणि टण टण आवाज आख्ख्या हॉलमध्ये घुमतो. याच आवारात थाई मसाजची प्रसिद्ध शाळा आहे, पायांचा मसाज इथेच करून घ्या, तोवर पायांचं भजं झालेलं असतं.

जेवण था तियेन धक्क्याजवळ. शाकाहारी असाल तर नुस्तं व्हेज म्हणून भागत नाही, भाजीतही माशाचा सॉस असतो, "किन जे" म्हणा, म्हणजे मांस-मासे-अंडं काही नको, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली तर ते बहुतेक जे वाल्यांचंच दुकान असतं. आंबा आणि चिकट भात कुठेही बिनधास्त, वर नारळाचं दूध असतं.

दुपारी ऊन उतरलं की था तियेनहून पलीकडे जायची छोटी फेरी, काही बाथमध्ये. वाट अरुण, म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचं देऊळ. लांबून पांढरं दिसतं, जवळ गेलं की कळतं की सगळं चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलंय, कुठे कुठे तर आख्खी बशीच बसवलीये. पायऱ्या भयंकर उभ्या, उतरताना कठडा धरून. आणि नाव पहाटेचं असलं तरी खरा सीन संध्याकाळी, फक्त त्यासाठी सूर्यास्ताच्या आधी परत अलीकडे यायचं, कारण सूर्य देवळाच्या मागे मावळतो, हे न कळल्यामुळे लोक तिकडेच थांबतात आणि त्यांना देऊळ सोडून बाकी सगळं दिसतं.

मग सनाम चाय मेट्रो स्टेशन, आतून राजवाड्यासारखं सजवलंय, तिथून दोनच स्टेशनं वाट मंगकोन, बाहेर पडलं की यावराट म्हणजे चायनाटाउन. तिथे काही प्लॅन लागत नाही, लाल पाट्यांखालून फिरायचं आणि जे दिसेल ते बोट दाखवून मागायचं, फक्त शेवटची मेट्रो बाराच्या सुमाराला असते.