लेबर रूममधला ठोक्यांचा मॉनिटर कसा बघायचा आणि सिस्टरला हाक कधी मारायची

आपल्याकडे नाशिक साइडला पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरीच, म्हणजे आत मुलीजवळ आई नाहीतर मावशी आणि जावई बाहेर बाकड्यावर. मग आतून मॉनिटरचा फोटो येतो, तो फॅमिली ग्रुपवर जातो, "१५२ आहे, जास्त आहे का?", आणि सिडकोतला कोणीतरी भाऊ गुगल करून सगळ्यांचं बीपी वाढवतो. मी लेबर रूमलाच ड्युटी करते, त्यामुळे हे रोजचंच आहे, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

पोटावर दोन पट्टे बांधतात, प्रत्येकाखाली एक प्रोब, म्हणजे वायरवाली चकती, असते. ज्या प्रोबला जेल लावतात तो बाळाचे ठोके पकडतो. दुसऱ्याला जेल नसतं, तो वरच्या बाजूला असतो आणि पोट कडक झालं की ते टिपतो, म्हणजे कळ. कळेचा आकडा ४० आहे की ९० याच्यावरून कळ किती जोराची ते ठरवू नका, पट्टा सैल-घट्ट असला, बाई जाड-बारीक असली तरी तो बदलतो, त्यातून फक्त कळ कधी आली आणि किती वेळ टिकली एवढंच कळतं. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा यायला लागल्या तर मात्र लगेच सांगा, खास करून कळांचं सलाईन चालू असेल तर.

ठोके साधारण ११० ते १६०. पण आकड्याकडे टक लावून बसू नका, कागदाची पट्टी बघा. वरची रेघ ठोक्यांची, ती थोडी खालीवर, खरबरीत दिसली पाहिजे, ती चांगली. बाळ हललं की ठोके मधूनच वर उडी मारून येतात, तेही चांगलंच. रेघ सपाट झाली तर लगेच घाबरायचं नाही, बाळ पोटात झोपतं आणि झोपेत २०-४० मिनिटं असं होऊ शकतं, दुखणं कमी करायच्या इंजेक्शननेही होतं. तरी सिस्टरच्या कानावर घाला, आणि पाऊण तास होत आला तरी तशीच असेल तर परत सांगा, लाजू नका.

आता मेन गोष्ट. खालच्या रेघेवर कळेचा डोंगर असतो, त्याच्या बरोब्बर वर ठोक्यांची रेघ बघा. कळ चढताना ठोके थोडे उतरले आणि कळेबरोबरच परत आले तर बहुतेक वेळा डोकं दाबलं जातंय एवढंच. पण डोंगराचं टोक उलटून गेल्यावर ठोके उतरतायत, कळ संपली तरी खालीच रेंगाळतायत आणि हे प्रत्येक कळेला होतंय, तर बाळाला ऑक्सिजन कमी पडत असू शकतो, तेव्हा वाट बघायची नाही, हाक मारायची. ठोके ११० च्या खाली जाऊन वर येतच नाहीयेत तर मिनिटं मोजत बसू नका, ओरडा सरळ.

१४० वरून एकदम ८५-९० दाखवलं तर सिस्टरला हाक मारा आणि ती येईपर्यंत पेशंटला डाव्या कुशीवर करून तिच्या मनगटाची नाडी बघा. नाडी पण तेवढीच लागली तर प्रोब सरकून आईचेच ठोके पकडत असेल, पण ते ठरवणं आमच्यावर सोडा.

काही ठिकाणी आता कॉम्प्युटर जोडलेला असतो, तो रेघ स्वतः वाचून लाल-पिवळा इशारा देतो. छान आहे, पण त्याच्या भरवशावर निवांत झोपू नका. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ४६ हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला, २०१७ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आला, त्यात इशारा देणारं सॉफ्टवेअर असलं काय नसलं काय, बाळांच्या तब्येतीत फरक पडला नाही. शिवाय अर्धे अलार्म तर पेशंट कूस बदलली म्हणून वाजतात, असं माझं मत.

आणि सगळं नॉर्मल असेल तर सतत पट्टा नसला म्हणून भांडू नका. पेठ-सुरगाण्याकडच्या आरोग्य केंद्रात सिस्टर हातातल्या डॉपलरने दर १५-३० मिनिटांनी, आणि बाई जोर करायला लागल्यावर दर ५ मिनिटांनी, मिनिटभर ठोके ऐकत असेल तर ती काही हयगय नाही. सतत मशीन लावलं की सिझरचं प्रमाण वाढतं हे अभ्यासांत दिसलंय. बीपी, शुगर, आधीचं सिझर, बाळाने पोटात शी केलेली, कळांचं सलाईन, अशा केसला मात्र सतत लागतं.

सिन्नर-निफाडवरून नाशिकला रेफर केलं तर ती पट्टी मागून घ्या, त्यावर नाव, तारीख, वेळ आहे का बघा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. कागद थर्मल असतो, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवला की काळा पडतो आणि मग इथे आम्हाला काहीच वाचता येत नाही.