फायबर वाढवलं, पण रक्तात फरक पडला का ते कसं बघायचं?

फायबर खा फायबर खा असं सगळेच सांगतात, पण खाल्ल्यावर आत काही हललं का हे बघायचं कसं ते कोणी धड सांगत नाही. वडिलांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं तेव्हा आम्ही दोनदा चुकीच्या वेळी टेस्ट करून पैसे घालवले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

गल्लीतल्या लॅबमध्ये फायबरची टेस्ट मिळत नाही. फायबर पचत नाही, ते आतड्यातूनच पुढे जातं, रक्तात शिरतच नाही, मग मोजणार काय? संशोधक त्याच्या खुणा मोजतात. गहू आणि राय (गव्हासारखं एक युरोपी धान्य) यांच्या कोंड्यात अल्किलरिसॉर्सिनॉल नावाचे पदार्थ असतात, मैद्यात ते जवळपास नसतात, त्यामुळे रक्तात ते सापडले की माणूस अख्ख्या धान्याची पोळी किंवा ब्रेड खातोय हे कळतं. फक्त ५ तासांत ते निम्मे होतात, म्हणजे रोज खाणाऱ्याचंच खरं चित्र दिसतं. आणि ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्यात ते सापडतच नाहीत! दोन वेळा भाकरी आणि मटकीची उसळ खाणारा माणूस या टेस्टमध्ये जवळजवळ शून्य दिसेल. राय ब्रेड खाणाऱ्या स्वीडन-फिनलंडमध्ये ही खूण चांगली चालते, आपल्याकडे तिच्यावर विसंबता येणार नाही.

दुसरी खूण एन्टरोलॅक्टोन. जवस, तीळ, धान्याचा कोंडा यांच्यातल्या लिग्नान नावाच्या पदार्थांपासून आतड्यातले जिवाणू ते बनवतात. फिनलंडच्या कुओपियो भागातल्या ज्या पुरुषांच्या रक्तात ते जास्त होतं त्यांना हार्ट अटॅक कमी आले असं १९९९ साली छापून आलं, पुढच्या काही अभ्यासांत मात्र ते तितकं ठळक दिसलं नाही. शिवाय अँटिबायोटिकचा कोर्स झाला की ते खाली येतं, कारण बनवणारे जिवाणूच मरतात.

म्हणून आपण खुणेमागे न लागता परिणाम बघायचा, म्हणजे एलडीएल. विरघळणारं फायबर (इसबगोल, ओट्स, राजमा-चण्यातलं) पोटात जेलसारखं होतं, पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतं, मग लिव्हरला नवीन पित्तासाठी रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं आणि एलडीएल उतरतं. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) हलत नाही, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) पण फारसं नाही, तिथे फरक नाही दिसला तर घाबरू नका. गव्हाचा कोंडा पोट साफ ठेवतो पण तो जेल करत नाही, त्यामुळे एलडीएलवर त्याचा जोर कमीच. बऱ्याच लोकांचं इथेच चुकतं, कोंडा खातात आणि रिपोर्ट तसाच येतो.

आता कसं करायचं. सुरुवातीला लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची टेस्ट) दोनदा करा, मध्ये साधारण दोन आठवडे, आणि सरासरी काढा. खर्च वाढतो खरा, पण एकाच माणसाचं एलडीएल काही न बदलता सात-आठ टक्के वरखाली होतं, त्यामुळे १५० चं १४० झालं एवढ्यावर काहीच ठरत नाही. लॅब तीच, उपाशीपोटी १०-१२ तास दोन्ही वेळा तसेच, लग्नसराई किंवा दिवाळीच्या आठवड्यात नको. एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी, हृदयाच्या धोक्यासाठी करतात ती टेस्ट) करणार असाल तर सर्दी, ताप, दात काढणं यानंतर किमान दोन आठवडे थांबा, नाहीतर तो आकडा हृदयाचा नसतो, तापाचा असतो. टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) एकदा बघून घ्या, थायरॉइड कमी असेल तर एलडीएल त्यानेही चढतं.

मग फक्त फायबर बदला, त्याच महिन्यात तेल, चालणं, वजन सगळं बदललंत तर कशाने झालं ते कळणार नाही. डब्ल्यूएचओ मोठ्यांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम असतं, बाजरीत ११, अख्ख्या चण्यात २५ च्या आसपास, पांढऱ्या तांदळात ३ पण नाही. एलडीएलसाठी मुद्दाम करायचं तर इसबगोल दिवसाला १० ग्रॅमपर्यंत, ३ ग्रॅमपासून हळूहळू वाढवा, एकदम घेतलंत तर गॅस होऊन दोन दिवसांत सोडून द्याल. मोठा ग्लासभर पाणी हवंच, ते घशात अडकू शकतं. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब, थायरॉइडची गोळी असेल तर चार तास.

८ आठवड्यांनी परत दोनदा तसंच. चांगलं जमलं तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं, त्याहून जास्त फायबरकडून मागू नका. एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा आधीच अटॅक, स्टेंट झालेलं असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच, आणि चालू असलेली स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) कृपा करून बंद करू नका, इसबगोल तिच्या जोडीला असतं, जागी नाही. प्रत्येक रिपोर्टच्या मागे त्या आठवड्यात काय खाल्लं, कुठलं अँटिबायोटिक झालं ते पेनने लिहून ठेवा, वडिलांच्या जुन्या रिपोर्टवर ते नव्हतं म्हणून ते आकडे आम्हाला काहीच सांगू शकले नाहीत.