विटांची जाळी बांधताय? आधी जमिनीवर मांडून बघा

गोव्यात हल्ली जांभ्या चिऱ्याच्या घरालाही जिन्याजवळ नाहीतर बाल्कांवच्या (दारासमोरच्या बसायच्या ओट्याच्या) बाजूला भाजक्या विटांची जाळी करायची खूप आवड दिसते, आणि ती दिसतेही सुंदर, वारा खेळता राहतो, दुपारच्या उन्हाची नक्षी भिंतीवर पडते. पण गवंड्याला नुसता मोबाईलवरचा फोटो दाखवून मोकळं होऊ नका. आधी दोन-तीन थर माल (सिमेंट-रेतीचं मिश्रण) न लावता अंगणात मांडा. वीट ९ इंचाची आणि भोक ४ इंचाचं ठेवलं तर दोन्ही टोकांना अडीच-अडीच इंच टेकू मिळतो, तो पुरेसा आहे, भोक त्याहून मोठं केलं की जाळी कमकुवत होते. आणि अशा जाळीवर स्लॅबचा किंवा छपराचा भार कधीच टाकायचा नाही, लांब असेल तर मध्ये पिलर घ्या.

आपल्याकडे खरा प्रश्न पावसाचा. जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून जो तिरका पाऊस येतो तो भोकांतून सरळ आत शिरतो, म्हणून शक्यतो त्या बाजूला जाळी नकोच, करायचीच असेल तर वर चांगला रुंद छज्जा हवा आणि प्रत्येक भोकाच्या तळाला बाहेरच्या बाजूने थोडा उतार द्या.

विटा लावण्याआधी पाण्यात भिजवा. समुद्राकाठची खारी रेती मात्र अजिबात वापरू देऊ नका, फुकट मिळाली तरी! विटांवर पांढरं मीठ फुटतं आणि सगळी नक्षी खराब होते.