भयकथा वाचून झाल्यावर अभिप्राय कसा लिहावा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं लहानसं वाचनालय आहे. दोन खोल्या, अकरा कपाटं आणि दाराशेजारच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली शंभर पानी वही. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्यानं त्या वहीत चार ओळी लिहायच्या. चरित्रं, प्रवासवर्णनं यांच्याबद्दल लोक बरं लिहितात. भयकथा-गूढकथांची पानं मात्र वर्षानुवर्षं त्याच त्या शब्दांनी भरायची. 'लय भारी', 'नाद खुळा', 'बोअर', 'एकदा वाचायला हरकत नाही'. हे वाचून पुढच्या माणसानं पुस्तक न्यावं की ठेवावं?

मला ही पुस्तकं फार आवडतात. त्यांना हलकं समजलं जातं याचं वाईट वाटतं, आणि त्यांचे वाचकच त्यांच्याबद्दल धड बोलत नाहीत याचं जास्त. म्हणून गेली काही वर्षं मी येणाऱ्याला समोर बसवून लिहायला शिकवते. तेच इथं सांगते.

सुरुवात तालमीत जाणाऱ्या एका पोरापासून झाली. विहिरीवरची एक भयकादंबरी परत करायला आला होता.

"काकू, लय भारी हाय पुस्तक."

"कुठं भारी वाटलं?"

"सगळंच की."

"सगळं नको. एक जागा सांग."

तो थोडा वेळ पुस्तकाच्या कडेवरनं अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्यो पोहरा. हिरीत सोडल्यावर बुडाल्याचा आवाज येतोय, वढताना जड लागतोय, आन् वर आला तर आतनं कोरडा. तिथं माझं पाय गार पडलं. आमच्या मळ्यात हीर हाय. आता रातचं मोटर चालू करायला मी एकटा जात न्हाई."

मी त्याला म्हटलं, हेच लिही, असंच लिही. त्यानं लिहिलं. पुढच्या 2 महिन्यांत ते पुस्तक कपाटात टेकलं नाही. जो येईल तो 'पोहऱ्याचं पुस्तक' मागायचा.

तेव्हा पहिली गोष्ट ही: भीती कुठं वाटली ती जागा लिहा. पान आठवत असेल तर पानाचा आकडा, नाहीतर प्रसंग. दुसरं, त्या वेळी तुम्ही कुठं होता ते लिहा. रात्री 1 वाजता, घरात एकटे, बाहेर पाऊस, की दुपारी गर्दीच्या एसटीत? एसटीत बसून ज्या गोष्टीनं घाम फोडला तिचं वजन वेगळं. आणि हे सगळं पुस्तक मिटल्यावर त्याच रात्री टिपून ठेवा. भीती फार लवकर उतरते. सकाळी चहा घेताना आपण शहाणे झालेलो असतो आणि मग 'तसं काही विशेष नव्हतं' असं लिहून मोकळे होतो. रात्रीचं खरं धरा.

जागा सापडली की ती भीती कोणत्या जातीची होती ते बघा. मराठीत त्यासाठी शब्द भरपूर आहेत, ते वापरा. दचकणं म्हणजे अचानक काहीतरी अंगावर येणं, ते क्षणाचं असतं. धास्ती म्हणजे काहीतरी येणार हे कळलेलं आहे, पण कधी ते कळत नाही. किळस वेगळी. आणि हुरहूर सगळ्यांत वेगळी, ती पुस्तक संपल्यावर लागते. आमच्याकडे येणारी एक शिक्षिका वहीत हे चारच शब्द लिहून प्रत्येकापुढं रेघा मारते. कुठं 1, कुठं 5. तेवढ्यावरून मला कळतं की हे पुस्तक कोणाच्या हातात द्यायचं.

हे का महत्त्वाचं ते दोन मोठ्या लेखकांवरून सांगते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची नावं लोक एका दमात घेतात. पण धारपांच्या जगात वाईट शक्ती खरोखरच बाहेर असते, दार ठोठावते, आणि तिच्याशी लढायला त्यांच्या 'समर्थ' या नायकासारखा कोणीतरी उभा राहतो. मतकरींच्या गूढकथेत पुष्कळदा भूत दिसतच नाही. साधं घर, साधी माणसं आणि मनाच्या तळातून वर येणारं काहीतरी. एकावर जीव असलेला वाचक दुसऱ्यावर नाराज होऊ शकतो. तेव्हा 'भीतीच वाटली नाही' एवढंच लिहू नका. 'मला लढाई हवी होती, ती मिळाली नाही' असं लिहा. ज्याला लढाई नको आहे, तो तुमची नाराजी वाचूनच पुस्तक उचलेल.

धारपांच्या काही कादंबऱ्यांवर अमेरिकन भयकादंबरीकार स्टीफन किंग यांची छाया आहे. असं साम्य दिसलं तर जरूर लिहा, पण 'चोरी' म्हणून हात झटकू नका. ती गोष्ट मराठी घरात आणताना काय बदललं, ओसरी आली का, देवघर आलं का, आणि बदलल्यावर भीती वाढली की पातळ झाली, हे सांगितलंत तरच त्या शेऱ्याला अर्थ.

आता भुताचे नियम. आपल्याकडे हे नियम आज्ज्यांनी घालून दिलेत. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या बांधावर फिरणार. लेखकानं हे मोडायला माझी हरकत नाही, नवे करायलाही नाही. पण एकदा नियम केला की त्यानं तो पाळला पाहिजे. मध्यंतरी एक कादंबरी वाचली. 100 पानं ती बाई उंबरा ओलांडू शकत नाही म्हणून सगळं घर उंबऱ्यावर जीव टांगून बसलेलं, आणि शेवटी ती सरळ स्वयंपाकघरात उभी! का, कशी, काही नाही. मला राग आला, आणि तो राग मी वहीत लिहिला. पुस्तक वाईट का वाटलं हे सांगताना असा मोडलेला नियम दाखवून द्या. 'पकाऊ' या शब्दानं लेखकालाही काही कळत नाही आणि वाचकालाही.

शेवटाबद्दल मात्र मी कडक आहे. वाचनालयातल्या एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं की अमका आधीपासूनच मेलेला आहे. ते मला दिसेपर्यंत 7 जण पुस्तक वाचून गेले होते. त्या 7 जणांची ती रात्र परत देता येत नाही. म्हणून आमच्याकडे साधा नियम आहे: पुस्तकाचे तीन भाग धरायचे आणि पहिल्या भागापलीकडचं काही उघड करायचं नाही. पोहरा 40व्या पानावर येतो, म्हणून तो चालतो. शेवटाविषयी फक्त इतकंच: पटला, घाईचा वाटला, की पुस्तक मिटल्यावरही सुटला नाही.

दोन प्रकारचे अभिप्राय मी परत करते. एक, 'असलं काही नसतं, त्यामुळे पुस्तक फालतू.' दुसरा, 'हे खरं आहे, आमच्या मामाच्या गावी घडलंय.' दोन्हींत पुस्तक कुठंच नाही. राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि मी त्याच्या पूर्ण बाजूची आहे. भोंदू बाबा माणसाला फसवून घाबरवतो. गोष्ट आपण आपल्या मर्जीनं हातात घेतो आणि हवी तेव्हा मिटतो. भुतावर विश्वास नसलेल्या माणसालाही ती थरकाप देते, तीच तर तिची करामत. विश्वास बाजूला ठेवा आणि करामत कशी साधली ते लिहा.

सिनेमा आणि मालिकांनाही हेच लागू आहे, फक्त कान जास्त लावा. पुष्कळ भयपटांत चित्रात काही नसतं आणि आवाजच धाडकन आदळतो. घरी बघत असाल तर तो प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. तरीही अंगावर काटा आला तर तसं लिहा, ती मोठी पावती आहे. मालिकेबद्दल लिहिताना कितव्या भागापर्यंत पाहिलीत ते सांगा, कारण पहिले 30 भाग धास्तीचे आणि पुढचे 300 सासू-सुनेचे असं सर्रास होतं. नाटकाबद्दल लिहिताना कुठं बसला होता ते लिहा. 1915 साली शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरात, म्हणजे आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात, मी मागच्या रांगेत बसून काळोखात दुसऱ्याचा श्वास ऐकलाय. 2024च्या ऑगस्टमध्ये ते आगीत गेलं त्या रात्री मला तो श्वासच आठवत होता.

तुमच्या चार ओळींनी काय फरक पडतो, असं वाटत असेल तर 'तुंबाड' आठवा. धारपांच्या कथेतून बीज घेतलेला हा सिनेमा 2018 मध्ये आला तेव्हा गर्दी बेताचीच होती. ज्यांनी पाहिला ते बोलत राहिले. 2024 मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

शेवटची एक सवय लावून घ्या. 2019च्या महापुरानंतर आमच्याकडे एक बाई यायला लागल्या. गूढकथा आवडीनं न्यायच्या. एकदा पुस्तक हातात घेऊन हळूच विचारलं, "ताई, यात कोणी बुडत नाही ना?" मी ते वाचलेलं नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेल्या.

तेव्हापासून अभिप्रायाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, आम्ही एखादा शब्द लिहितो. 'पाणी'. 'तान्हं मूल'. 'फास'. 'कुत्रं'. गोष्ट फुटत नाही, पण ज्याला जपायचं आहे त्याला जपता येतं. तुम्हीही तो कोपरा मोकळा सोडू नका. काहीच नसेल तर आडवी रेघ मारा.

त्या बाई अजून येतात. आधी खिळ्यावरची वही काढतात, उभ्या उभ्या कोपरे बघत पानं उलटतात, आणि मग पुस्तकाचं नाव सांगतात.