गावासमोर इतिहास बोलायचा तर आधी कागद उघडा

सीमाभागातल्या गावात इतिहासाची बैठक लावणार असाल, तर आधी तारीख नीट निवडा. १ नोव्हेंबरच्या आगेमागे नको. त्या दिवशी एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात, तर दुसऱ्या, मराठी गल्लीत निषेधाच्या काळ्या फिती दंडाला. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या गोळीबारात गेलेल्यांचा हुतात्मा दिन. अशा दिवसांत माणसं उत्तर ठरवूनच घरातून निघतात. आमच्या खानापूर तालुक्यात भाताची मळणी आटोपली की फेब्रुवारीत निवांतपणा असतो, तेव्हा बोलवा. जागा शाळेच्या व्हरांड्यातली घ्या. देऊळ किंवा संघटनेचं कार्यालय नको.

मी तीस वर्षं हायस्कूलात इतिहास शिकवला, तरी पहिल्या बैठकीत चुकलेच. भिंतीवर नकाशा टांगला आणि १९५६ची राज्यपुनर्रचना, सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग इथून सुरुवात केली. दहा मिनिटांत आवाज चढले. म्हातारी माणसं उठून गेली, आणि मला ऐकायचं होतं ते त्यांच्याकडूनच.

तेव्हापासून नकाशा घरी ठेवते. आमंत्रण देतानाच सांगते, प्रत्येकाने घरातला एक जुना कागद आणायचा. शाळेचा दाखला, खरेदीखत, लग्नपत्रिका, काहीही. १९५६पूर्वीच्या दाखल्यावर मुंबई राज्य लिहिलेलं दिसलं की तरुण पोरं पुढे सरकतात. आजी शिकत होती तेव्हा गाव कुठल्या राज्यात होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कागद वाचताना तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन्ही बोला. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथंच आहे. बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४मध्ये बांधलं. तिथले कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मराठी श्रोत्यांपुढे ते कन्नड आहेत हे आडपडदा न ठेवता सांगा, आणि कन्नड येणाऱ्याकडून त्यातल्या दोन ओळी मोठ्याने वाचून घ्या. मग विचारा, राजाच्या माणसाने दानाचा लेख ज्या भाषेत कोरला, तीच भाषा शेजारच्या वाडीत चुलीपाशी बोलत होते का? दगड तेवढं सांगत नाही. मोडीतला कागद निघाला की हाच प्रश्न मराठीलाही लावा. दप्तराची भाषा ती दप्तराची. एका बाजूला लावलेला नियम दुसऱ्या बाजूला लावला नाहीत, तर पुढच्या बैठकीला निम्मं गाव येणार नाही, आणि त्यांचं बरोबरच असेल.

इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी आमच्याच तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. समाधीपाशी वड आहे, आणि भोवतालच्या गावांत मराठी घरं पुष्कळ. ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात तो बंडखोर आहे, कन्नड गीगी पदांत, म्हणजे लोकगीतांत, वीर. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. लिहिणारा कोण आणि गाणारा कोण, हे लोक आपणहून ओळखतात.

आठवणी सांगणाऱ्यांना मधे तोडू नका. १७ जानेवारी १९५६च्या गोळीबाराबद्दल बोलताना एक मामा म्हणाले, त्या दिवशी धो धो पाऊस होता. जानेवारीत असला पाऊस आमच्याकडे पडत नाही. मी गप्प राहून टिपून ठेवलं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला सगळ्यांसमोर अशा तपशिलावरून दुरुस्त करायचं नसतं. बाकीच्या आठवणींशी ताळा घ्यायचा तो दुसऱ्या दिवशी, त्याच्या सोप्यात बसून. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. नको म्हणाले तर मोबाईल पिशवीत.

गेल्या वर्षी एक लिंगायत शेतकरी गुंडाळी घेऊन आले. “टीचर, ह्ये आमच्या अज्जाचं हाय, वाचून सांगा की.” घरात कन्नडच बोलतात. कागद मोडीतलं खरेदीखत निघाला. मी अक्षर लावत चतुःसीमेपर्यंत आले. पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट, पूर्वेस एका मराठा घराण्याचं शेत. नाव वाचलं तशी मागच्या ओळीतून हाक आली, “आमचं की ते!” त्या घरचा नातू तिथंच बसला होता. मग अर्धा तास दोघं बोलत होते. बांधावरचा फणस कुणाचा, पाणी आधी कुणाकडं वळायचं, भाऊबंदकीत कुणी कुणाची साक्ष दिली. अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी मधे पडले नाही. तुम्हीही पडू नका, असं बोलणं निघालं की वही उघडून लिहीत बसा.

बैठक संपली की मूळ कागद त्याच रात्री परत द्या. फोटो काढायला मालकाची परवानगी हवी. चार-आठ दिवसांत वाचलेला मजकूर स्वच्छ लिहून घरपोच करा. ते खरेदीखत मी देवनागरीत उतरवलं, आणि सोबतच्या शिक्षिकेने कन्नडात अर्थ लिहिला. द्यायला गेले तेव्हा शेतकऱ्याने मराठी मजकुराच्या दोन प्रती मागितल्या. दुसरी पूर्वेकडच्या शेताच्या मालकाला द्यायची होती.