डुकरांच्या पिल्लांना सेप्टिसेमिया (रक्तात जिवाणू पसरणं) झाला आणि इंजेक्शन लागू पडेना? आधी या चुका टाळा

संध्याकाळी धडधाकट दिसलेलं पिल्लू सकाळी कुशीवर पडून पाय मारत असतं. कान निळसर पडलेले, डोळे गरगर फिरत असलेले. हाताशी असलेल्या बाटलीतून इंजेक्शन दिलं जातं, दुसऱ्या दिवशी आणखी दोन पिल्लं पडतात आणि निदान ठरून जातं: जंतू आता औषधाला दाद देत नाहीत. मग त्याहून ‘भारी’ औषध आणलं जातं.

हे निदान कधीकधी खरं असतं. पण पुष्कळदा औषध भलत्याच आजारावर, भलत्या मार्गाने किंवा फार उशिरा गेलेलं असतं आणि प्रतिरोधाचा त्यात काही संबंध नसतो. तो संबंध जुळतो नंतर, न लागणारी भारी औषधं वारंवार दिल्यामुळे.

झटके आले म्हणजे मेंदूज्वरच, असं समजू नका

इंजेक्शन भरण्याआधी थर्मामीटर लावा. पिल्लाचं गुदद्वारातलं तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असतं. रक्तात जिवाणू पसरल्यावर सुरुवातीला ते ४०.५ च्या वर जातं. दोन-तीन दिवसांचं पिल्लू पाय मारतंय पण अंग गार लागतंय, तर पहिला संशय रक्तातली साखर उतरल्याचा घ्यावा. त्याला ऊब आणि ग्लुकोज हवं असतं. प्रतिजैविकाने त्याची भूक भागत नाही.

दूध तोडलेल्या पिल्लांत दुसरा एक फसवा प्रकार दिसतो, मिठाच्या विषबाधेचा. नाव मिठाचं असलं तरी मूळ बहुधा पाणी तुटण्यात असतं. पाणी प्यायचं निपल तुंबलं, टाकी रिकामी राहिली किंवा निपल इतकं उंच बसवलं की पिल्लाचं तोंडच पोहोचत नाही. पिल्लं भिंतीला धडकतात, कुत्र्यासारखी बसतात, मागे कलंडतात आणि झटके देतात. हा प्रकार नुसत्या नजरेने मेंदूज्वरापासून वेगळा काढणं अनुभवी माणसालाही जड जातं. म्हणून एकाच कप्प्यातली बरीच पिल्लं एकदम अशी दिसली, तर आधी निपल दाबून पाहा. पाणी तुटलेलं सापडलं तर ते एकदम भरपूर सोडू नका. थोडं थोडं, वारंवार द्या, नाहीतर मेंदूची सूज वाढते.

पापण्या सुजलेल्या आणि आवाज घोगरा असेल तर ई. कोलायच्या विषामुळे होणारा सुजेचा आजार असू शकतो. त्यात जिवाणू आतड्यातच राहतो, रक्तात उतरतं ते त्याचं विष. अशा वेळी ‘रक्तातला जंतू मरत नाही’ ही तक्रारच गैरलागू ठरते.

वयाकडे दुर्लक्ष करू नका

पहिल्या काही दिवसांत ई. कोलाय आणि ॲक्टिनोबॅसिलस सुइस यांचा संशय अधिक. तीन ते बारा आठवड्यांच्या दरम्यान, विशेषतः दूध तोडल्यानंतर, स्ट्रेप्टोकॉकस सुइस आणि ग्लासेरेला पॅरासुइस पुढे येतात. ग्लासेरेला म्हणजे जुन्या पुस्तकांतला हिमोफिलस पॅरासुइस. सांधे सुजणं, लंगडणं, धाप, झटके ही लक्षणं या दोघांतही दिसतात, त्यामुळे वयावरून फक्त अंदाज बांधता येतो.

नमुना घेण्यातली घोडचूक

आधी इंजेक्शन, ते चाललं नाही तर दुसरं, आणि तिसऱ्या दिवशी मेलेलं पिल्लू प्रयोगशाळेत: हा क्रम सर्रास दिसतो आणि तो पूर्ण उलटा आहे. औषध दिलेल्या पिल्लातून जिवाणू वाढवणं अवघड असतं. रात्रभर पडून राहिलेल्या मृत पिल्लात आतड्यातले जंतू सगळीकडे पसरलेले असतात. अहवालात ई. कोलाय येतो आणि त्यावर उपचार सुरू होतात, खरा गुन्हेगार राहतो बाजूलाच. नुकतीच आजारी पडलेली, एकही डोस न दिलेली दोन-तीन पिल्लं किंवा ताजं मेलेलं पिल्लू, हाच कामाचा नमुना.

नमुना कुठून घेतला यावर सारं अवलंबून असतं. स्ट्रेप्टोकॉकस सुइस निरोगी डुकरांच्या टॉन्सिलमध्ये सुखाने नांदतो, ग्लासेरेला नाकात. नाकाच्या स्वॅबमध्ये ते सापडले म्हणून काही सिद्ध होत नाही. पशुवैद्यकाकडून मेंदूचं आवरण, सुजलेला सांधा, हृदयाभोवतालची पिशवी, प्लीहा अशा एरवी निर्जंतुक असणाऱ्या जागांतून नमुने घ्या. जिवंत पिल्लाचं रक्त घ्यायचं तर त्वचा स्पिरिटने पुसून ती वाळेपर्यंत थांबायला हवं, नाहीतर त्वचेवरचा जंतूच बाटलीत वाढतो.

ग्लासेरेला फार नाजूक. शरीराबाहेर तो लवकर मरतो आणि ब्लड अगार या प्रयोगशाळेतल्या साध्या खाद्यावर एकटा वाढतही नाही, त्याला एनएडी नावाचा घटक पुरवावा लागतो. ‘ग्लासेरेलाचा संशय आहे’ असं प्रयोगशाळेला आधी कळवलं नाही, तर ‘काही वाढलं नाही’ असा अहवाल येतो आणि तो खोटा दिलासा देऊन जातो.

रक्तातला जंतू आणि तोंडातून औषध

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच असावी. निओमायसिन, कोलिस्टिन ही औषधं तोंडातून दिली की आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलीच जात नाहीत. जुलाबावर त्यांचा उपयोग झालेला पाहून तीच बाटली सेप्टिसेमियालाही वापरली जाते, आणि औषध जिथे जंतू आहे तिथे पोहोचतच नाही. शोषली जाणारी औषधं पाण्यात मिसळली तरी अडचण उरतेच. जे पिल्लू उठू शकत नाही ते निपलपर्यंत जाणार कसं? औषधाचं पाणी पितात ती धडधाकट पिल्लं. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर निवडीचा ताण पडतो, म्हणजे औषधाला दाद न देणारेच मागे उरतात, आणि आजारी पिल्लू कोरडंच राहतं. आजारी पिल्लाला इंजेक्शनच हवं.

डोसाबाबतीत ‘प्रत्येकाला अर्धा मिली’ ही सवय सोडा. जन्मलेलं पिल्लू दीड किलोच्या आसपास असतं, दूध तोडताना सात-आठ किलोचं. एकाला तेच औषध जास्त होतं, दुसऱ्याला अपुरं पडतं. तराजू ठेवा आणि लहान सिरिंज वापरा. मोठ्या सिरिंजमध्ये पाव मिली अचूक मोजता येत नाही.

मेंदूज्वरात वेळ सगळ्यात मोलाची. पहिल्या काही तासांत पेनिसिलिन गटातलं औषध आणि सोबत सूज उतरवणारं औषध मिळालं, पिल्लू वेगळ्या उबदार जागी नेलं, थोडं थोडं पाणी पाजत राहिलं, तर ते उठण्याची आशा असते. बारा तास पाय मारत पडलेल्या पिल्लात तेच औषध अपयशी ठरतं. म्हणून दूध तोडल्यानंतरच्या आठवड्यांत दिवसातून किमान दोनदा प्रत्येक कप्प्यातली पिल्लं उठवून पाहा. कान पाडून, थरथरत, कळपापासून बाजूला उभं असलेलं पिल्लू तेव्हाच हाती लागतं.

सेन्सिटिव्हिटीचा (कोणतं औषध जंतूवर चालतं या तपासणीचा) कागद चुकीचा वाचणे

ज्या औषधासमोर एमआयसीचा (जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या किमान प्रमाणाचा) आकडा सगळ्यात लहान तेच सर्वोत्तम, असा समज पसरलेला आहे. दोन वेगवेगळ्या औषधांचे आकडे असे एकमेकांशी ताडता येत नाहीत, प्रत्येकाची मर्यादा वेगळी ठरलेली असते. शिवाय ‘संवेदनशील’ हा शब्द काचेच्या बशीतला आहे. जेंटामायसिन बशीत जंतू मारेल, पण मेंदूच्या द्रवात ते पुरेसं उतरत नाही. स्ट्रेप्टोकॉकस सुइसमध्ये टेट्रासायक्लिनला प्रतिरोध जगभर पसरला आहे, मॅक्रोलाइड गटालाही बऱ्याच ठिकाणी. पेनिसिलिन मात्र अजून बहुतेक वेळा चालतं, ‘जुनं’ म्हणून ते बाजूला सारण्याचं कारण नाही.

‘भारी’ औषधाची सवय

लोहाच्या इंजेक्शनबरोबर प्रत्येक नवजात पिल्लाला तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन टोचून टाकायचं, ही पद्धत मला या यादीतली सर्वांत वाईट वाटते. आजारी एकही नसताना अख्ख्या पिढीच्या आतड्यात ईएसबीएल (अशी औषधं निकामी करणारं विकर) बनवणाऱ्या ई. कोलायला मोकळं रान मिळतं. ईएसबीएलची जनुकं प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. कोलिस्टिनचा प्रतिरोध असाच प्लास्मिडवरून पसरू शकतो हे २०१५ साली चीनमधून आलेल्या एमसीआर-१ जनुकाच्या शोधाने दाखवलं. डुकरांत आणि माणसांत, दोन्हीकडे ते सापडलं होतं. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. जुलाबासाठी खाद्यातून दिला जाणारा, प्रतिजैविक नसलेला झिंक ऑक्साइडही यातून सुटत नाही. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू, याच्या डुकरांत आढळणाऱ्या प्रकारात झिंक सोसण्याचं जनुक मेथिसिलिन-प्रतिरोधाच्या जनुकासोबतच बसलेलं असतं. झिंकचा मारा केला की दोन्ही एकत्र टिकतात. युरोपीय संघाने त्याचा औषधी वापर जून २०२२ पासून थांबवला आहे.

जंतू आत शिरतो ती वाट उघडी ठेवणे

डुकरिणीच्या वारेतून पिल्लाला प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती सगळी चिकातून येतात. आतड्याचं दार साधारण २४ तासांत बंद होतं. तोवर पिल्लाच्या पोटात २०० ते २५० ग्रॅम चीक जायला हवा. पिल्लं जास्त असतील तर मोठ्यांना तासभर उबेत वेगळं ठेवून लहानांना आधी प्यायला सोडा. गारठलेलं पिल्लू सडाकडे जातच नाही. त्याला जन्मतः ३४ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि आई तर २० अंशांत खूश असते, म्हणून पिल्लांचा कोपरा वेगळा तापवावा लागतो.

बाकीच्या वाटा: ओली नाळ, खरखरीत सिमेंटवर सोललेले गुडघे, खच्चीकरणाची जखम, हिरडीपर्यंत कापलेले दात. एकाच पक्कडीने अख्खी वीण उरकली तर पहिल्याचा जंतू शेवटच्यापर्यंत जातो. सुईचंही तेच, वीण बदलली की सुई बदला. शेण न धुता जंतुनाशक शिंपडणं हा निव्वळ खर्च आहे. धुणं, वाळवणं, मग जंतुनाशक. हे सगळं नीट असूनही मेंदूज्वर दर तुकडीत परतत असेल, तर पीआरआरएस या डुकरांच्या श्वसन आणि प्रजननाच्या आजाराच्या विषाणूची तपासणी करून घ्या. तो फुफ्फुसातली संरक्षक पेशीच मारतो आणि स्ट्रेप्टोकॉकसला वाट करून देतो.

उघड्या हाताने शवविच्छेदन

स्ट्रेप्टोकॉकस सुइस माणसालाही होतो. २००५ मध्ये चीनच्या सिच्वान प्रांतात आजारी डुकरं कापताना, हाताळताना दोनशेहून अधिक लोकांना लागण झाली आणि त्यांपैकी अनेक दगावले. वाचलेल्यांत कायमचा बहिरेपणा येणं हे या जंतूचं ओळखीचं लक्षण. मेलेल्या पिल्लाला हात लावताना हातमोजे घाला, बोटाला चीर असेल तर दुसऱ्याला ते काम द्या. नंतरच्या काही दिवसांत ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणं किंवा ऐकू कमी येणं सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आजारी डुकरं हाताळल्याचं त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.