कापूस वेचणीच्या दिवसांतली दिवाळी: साधी सजावट आणि मनावरचा ताण

खान्देशात दिवाळी येते तेव्हा शेतात कापूस फुटलेला असतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दसऱ्याच्या सुमारास वेचणीला जोर येतो, मजूर वेळेवर मिळत नाहीत, आणि बोंडांच्या टोकांनी बोटे ओरबाडून घेऊन संध्याकाळी घरी परतलेल्या बाईसमोर साफसफाई, फराळ आणि सजावट ही तिन्ही कामे एकदमच उभी राहतात. सणाचा जो ताण म्हणतात तो आपल्याकडे बहुतेक याच ओढाताणीतून येतो. म्हणून सजावट शेतातल्या आणि घरातल्या वस्तूंची असावी आणि ती एका संध्याकाळी पुरी व्हावी.

सर्वप्रथम सजवण्याच्या जागा कमी कराव्यात. दार, देवघर आणि तुळशीवृंदावन एवढ्या तीन जागा मनापासून सजवल्या की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घर भरलेले दिसते. घटस्थापनेआधी घर झाडूनपुसून झालेलेच असते, त्यामुळे दिवाळीसाठी माळा पुन्हा रिकामा करण्याची गरज नाही. जाळीजळमटे काढून उंबरठा आणि ओटा स्वच्छ धुतला तरी पुरेसे आहे.

दाराला आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे तोरण करावे. झेंडूचा भाव ऐन सणाला चढतो, म्हणून एक-दोन दिवस आधी बाजारातून फुले आणावीत आणि ओलसर सुती कापड घातलेल्या टोपलीत सावलीत पसरून ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर ती आतल्या आत उबून काळी पडतात. दाभणाने सुतळीत दोन फुलांमागे एक पान ओवले की तोरण भरगच्च दिसते आणि फुलेही कमी लागतात. ज्वारी कापून झाली असेल तर दहा-बारा भरलेली कणसे दांड्यासह जुडीने बांधून चौकटीच्या दोन्ही बाजूंना टांगावीत. बाजारातल्या कागदी झुंबरापेक्षा ही जुडी मला कितीतरी देखणी वाटते. रावेर-यावलसारख्या केळीच्या भागात घड उतरवल्यावर खोडे मळ्यात पडूनच असतात. त्यांतले दोन लहान खुंट पानांसह पाण्याच्या बादलीत दाराशी उभे केले तर ते सणाचे दिवस हिरवे राहतात. मात्र ते कापताना जुने कपडे घालावेत, कारण केळीच्या चिकाचा डाग धुऊनही जात नाही.

नव्या पणत्या चार-पाच तास पाण्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात, म्हणजे माती तेल कमी पिते. वातींसाठी घरचाच कापूस सरकी काढून वापरावा. आकाशकंदिलाचा बांबूचा सांगाडा जपून ठेवला तर दरवर्षी फक्त कागद बदलावा लागतो, आणि आत तापणारा जुना दिवा न लावता एलईडी दिवा लावावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या दिवसांत अनेक घरांत पडवीत किंवा पुढच्या खोलीत कापसाचा ढीग रचलेला असतो, आणि अंगणाच्या कडेला कडब्याची गंजी असते. एका पणतीची ठिणगीही तिथे वर्षभराची कमाई जाळू शकते. म्हणून ज्या खोलीत कापूस आहे तिच्या दाराशी, खिडकीत किंवा ओट्यावर पणती अजिबात ठेवू नये, विजेच्या माळेची तार त्या ढिगावरून नेऊ नये, आणि फटाके घरापासून व गंजीपासून दूर, मोकळ्या जागेत मोठ्यांच्या देखतच उडवावेत. पणत्या ताटात थोडी वाळू पसरून तिच्यात रोवल्या तर त्या कलंडत नाहीत.

खर्चाचा ताण याहूनही आत लागतो. दिवाळीची खरेदी करायची म्हणून घाईने ओला कापूस विकणे टाळावे. ओलावा ८ टक्क्यांपेक्षा जास्त असला की भाव कापला जातो आणि सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतलाच जात नाही. सणाचा खर्च एका कागदावर लिहून तेल, रांगोळी, फुले, लेकरांचे कपडे आणि भाऊबीजेची ओवाळणी यांनाच आधी जागा द्यावी, आणि उरलेली खरेदी कापसाचे पैसे हाती आल्यावर करावी.

कामे वाटून घेण्याची बोलणी वसुबारसेच्या आधीच, सगळे जेवायला बसलेले असताना करावीत. तोरण आणि कंदील पुरुषांनी, रांगोळी आणि पणत्या मुलामुलींनी घ्याव्यात. फराळाचे दोन-तीन पदार्थच शेजारणी-जावांनी मिळून करावेत. वेचणीहून आलेल्या बाईला पहिला अर्धा तास पाय पसरून बसू द्यावे, तिच्या बोटांना खोबरेल तेल लावायला सांगावे आणि त्या वेळी तिला कोणतेही काम विचारू नये. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले आहे तिथे तुळशीपाशी एकच दिवा लावला तरी चालतो, आणि नातेवाइकांनी त्यावर प्रश्न करू नयेत.

भाऊबीज झाली की पणत्या गरम पाण्यात सोडा घालून धुऊन वाळवून ठेवाव्यात. ज्वारीची चार चांगली ताटेही गुरांपुढे न टाकता बाजूला काढावीत, कारण दोन आठवड्यांच्या आत तुळशीच्या लग्नाचा मांडव त्यांचाच करता येतो.